रात्री तीनचा रिस्टार्ट : हब झोपतो, घर चालूच राहतं

काही जण पाळी सुटल्यावर थेट इथे आलात, म्हणून लांबण न लावता विषयाला हात घालतो.

तक्रार नेहमी एकाच चालीत येते. "हब दिवसभर चांगला चालतो. रोज रात्री तीनला आपोआप रिस्टार्ट लावलाय. सकाळी बघावं तर गेटचा लाईट चालूच, गॅलरीतला सेन्सर गप्प, आणि काल तर पाण्याची मोटर मध्यरात्री सुरू झाली." मग पुढचं वाक्य : "हबच खराब आहे, बदलून टाकू." आम्ही म्हणतो, बदलू नका. नवा हबही तेच करेल, कारण बहुतेक वेळा बिघाड हबमध्ये नसतोच. तो असतो त्या दोन-तीन मिनिटांत, जेव्हा हब बंद आहे आणि घर मात्र चालू आहे.

ज्यांच्याकडे हब नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हब म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. कुणाकडे रास्पबेरी पायवर होम असिस्टंट असतं, कुणाकडे कंपनीचा तयार डबा. घरातले सेन्सर, स्मार्ट प्लग, रिले त्याला निरोप देतात आणि तो आपण लिहून ठेवलेले नियम चालवतो : अंधार पडला की गेटचा लाईट लाव, टाकी भरली की मोटर बंद कर. एवढंच.

आता रिस्टार्ट म्हणजे नेमकं काय होतं? इथे एमआयडीसीत सगळ्यांना कळेल असं सांगतो. समजा पहिल्या पाळीचा सुपरवायझर चार्ज न देताच निघून गेला. दुसऱ्या पाळीचा आला तेव्हा मशीन फिरतायत, भट्टी तापलेली आहे, पण कोणती मशीन किती वाजता सुरू झाली, कोणती दहा मिनिटांनी बंद करायची होती, हे सांगायला कुणी नाही. लॉगबुकात जेवढं लिहिलंय तेवढंच त्याला कळणार. हबचंही तसंच. जे डिस्कवर लिहिलं गेलं ते उरतं, जे फक्त मेमरीत होतं ते जातं. आणि कुठला हब काय लिहून ठेवतो, काय विसरतो, हे माहीत नसेल तर आपण अंधारात चाचपडत राहतो.

तीन वाजताची वेळ का निवडतात, तर तेव्हा सगळे झोपलेले असतात. दुसऱ्या गावात असतील. आपल्याकडे तिसरी पाळी असते. रोलिंग मिलमधून माणूस रात्री-पहाटे केव्हाही घरी येतो, त्याला जिन्यात उजेड लागतो. त्यामुळे ही वेळ डोळे झाकून ठेवू नका, आपल्या घराची निवांत वेळ कोणती ते आधी बघा.

मोटरची एक केस सविस्तर सांगतो, कारण तिच्यात जवळजवळ सगळा विषय येतो.

घर एमआयडीसीच्या जवळच. खाली हौद, वर टाकी. जालन्यात नळाला पाणी रोज येत नाही, किती दिवसांच्या अंतराने येतं ते इथे बसलेल्यांना आम्ही काय सांगावं. पाणी आलं की हौद भरून घ्यायचा आणि तो पुढच्या खेपेपर्यंत पुरवायचा. मोटरला वाय-फायचा रिले लावला होता, रिले कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायचा. तेही बरोबर होतं, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि छोट्या रिलेतून थेट मोटर चालवली तर त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात. नियम साधा होता : मोटर सुरू झाली की वीस मिनिटांनी बंद. दिवसा शंभर वेळा चालला असेल. पण अधूनमधून पहाटे उठावं तर वरची टाकी वाहून गेलेली, हौद कोरडा, आणि मोटर रिकामी फिरून तापलेली. घरातल्या मावशींचा प्रश्न मोटरचा नव्हता. पुढचं पाणी येईपर्यंत आता प्यायचं काय, हा होता.

पहिला अंदाज सगळे करतात तोच, की हबमधला एखादा नियम चुकून तीनला चालतोय. नियमांची यादी तपासली तर तसा एकही नियम नाही. हबच्या नोंदीतही "मी मोटर चालू केली" अशी ओळ नाही. मग चालू कोणी केली?

इथे एमक्यूटीटी समजून घ्यावं लागतं. अवघड नाही. हबमध्ये एक निरोप्या असतो, त्याला ब्रोकर म्हणतात. हब त्याच्याकडे निरोप ठेवतो, "मोटर चालू", आणि तो रिलेला पोचवतो. निरोप दोन प्रकारचे. एक पोचवला की संपला. दुसरा ब्रोकर जपून ठेवतो, आणि रिले पुन्हा जोडला गेला की त्याला परत वाचून दाखवतो. याला रिटेन म्हणतात. कामाची सोय आहे, सेन्सरची शेवटची स्थिती कळायला फार उपयोगी. पण हुकूम रिटेन करून ठेवला तर तो भिंतीवर चिकटवलेल्या नोटिशीसारखा राहतो. येणारा प्रत्येक जण ती वाचतो आणि पाळतो.

झालं असं होतं की, बसवताना कुणीतरी चाचणी म्हणून "चालू" हा हुकूम रिटेनची खूण ठेवून पाठवला. त्यानंतर रोजचे "चालू", "बंद" हे हुकूम बिनखुणेचे गेले. ते पोचायचे, मोटर ऐकायची, पण भिंतीवरची जुनी नोटीस तशीच. दिवसभर रिले जोडलेलाच असतो म्हणून तिचा त्रास नाही. रात्री तीनला हब पूर्ण रिस्टार्ट झाला की ब्रोकरही बंद पडतो, रिलेचा संपर्क तुटतो, ब्रोकर उठल्यावर रिले पुन्हा जोडला जातो, आणि पहिलाच निरोप मिळतो : मोटर चालू.

(श्रोत्यांतून : पण मग वीस मिनिटांनी बंद व्हायला पाहिजे होती ना?)

बरोबर, काका. नियम होताच. पण तो लिहिला होता असा : "मोटर बंदवरून चालू झाली आणि वीस मिनिटं तशीच राहिली, तर बंद कर." आता क्रम बघा. ब्रोकर आधी उठतो. रिले काही सेकंदांत जोडला जातो, मोटर सुरू होते. हबचा मुख्य प्रोग्रॅम त्यानंतर उठतो. तो डोळे उघडतो तेव्हा मोटर आधीच चालू आहे. त्याच्या दृष्टीने मोटर "बंदवरून चालू" झालीच नाही, ती "माहीत नाही"वरून "चालू" झाली. नियमाची अट पूर्ण झाली नाही आणि वीस मिनिटांची मोजणी सुरूच झाली नाही. तरी दोन-तीन रात्री आड कुठे हे व्हायचं, रोज नाही. रोज का नाही, तर रिले जोडला जायला कधी उशीर लागला की हब आधी जागा व्हायचा, तेव्हा नियम लागू पडायचा, मोटर वीस मिनिटांत बंद व्हायची आणि कुणाला कळायचंही नाही. हौदातलं थोडं पाणी वर गेलं, एवढंच.

म्हणजे दोष दोन होते. एकट्या पहिल्याने वीस मिनिटं मोटर चालली असती. एकट्या दुसऱ्याने काहीच झालं नसतं. दोन्ही मिळून हौद रिकामा.

हे शोधायची पद्धत लक्षात ठेवा, ती कुठेही चालते. रात्रीची वाट बघू नका. रिस्टार्टचं वेळापत्रक आधी बंद करा आणि दिवसा, मोटरजवळ एक माणूस उभा करून, हातानेच रिस्टार्ट करा. तसंच झालं तर वेळेचा दोष नाही, रिस्टार्टचा आहे. दिवसा काहीच झालं नाही तर तीनला आणखी काय चालतं ते शोधा : बॅकअप, राउटरचा स्वतःचा रिस्टार्ट, अपडेट. दुसरी पायरी : हबला हात न लावता फक्त रिलेची लाईट बंद करून परत द्या. मोटर सुरू झाली? मग संशय दोघांवर. एक तर ब्रोकरकडचा जुना हुकूम, नाही तर रिलेचं स्वतःचं सेटिंग, लाईट आल्यावर चालू राहायचं की बंद. दोन्ही वेगळे करायला हब पूर्ण बंद ठेवा आणि मग रिलेची लाईट द्या. तरीही सुरू झाली तर रिलेचं सेटिंग. नाही झाली तर हुकूम ब्रोकरकडे पडलाय. अर्थात हे सगळं करताना हौदात पाणी हवं, आणि मेनचा एमसीबी हाताच्या अंतरावर हवा.

उपाय? त्याच विषयावर रिकामा निरोप रिटेनची खूण ठेवून पाठवला की जुना पुसला जातो. नियमातली "बंदवरून" ही अट काढली. आणि एक नवा नियम टाकला : हब सुरू झाला की पहिल्यांदा मोटर बंद कर, मग बाकीचं. पण खरं सांगायचं तर आमच्या मते यातलं काहीही पुरेसं नाही, त्याकडे शेवटी येतो.

आता उलटी बाजू. इथे "बंदवरून" ही अट नडली. लाईटच्या बाबतीत बरेचदा ती नसणं नडतं. नियम असतो, "दार उघडं असं दिसलं की पॅसेजचा लाईट लाव." रिस्टार्टनंतर दाराचा सेन्सर "संपर्क नाही"वरून "उघडं" असा दिसतो, आणि हबला वाटतं दार आत्ताच उघडलं. तीनला घरभर दिवे. लोक म्हणतात भूत आहे. भूत नाही, अर्धवट लिहिलेली अट आहे. लाईटसाठी जुनी स्थिती काय होती ते विचारा. मोटर बंद करण्यासाठी विचारू नका. सुरू करायचा नियम कडक हवा, बंद करायचा सैल.

वेळ मोजणारे नियम हा दुसरा मोठा गट. "गेटचा लाईट दहा मिनिटांनी बंद" असा नियम मोजत असताना सातव्या मिनिटाला रिस्टार्ट आला की मोजणी मेमरीबरोबर गेली. हब उठल्यावर उरलेली तीन मिनिटं मोजत नाही. काही प्रणालींत टायमर डिस्कवर राखायचा पर्याय असतो, होम असिस्टंटच्या टायमरमध्ये आहे, पण तो आपण मुद्दाम चालू करावा लागतो. तसंच, बरोबर तीनला चालायचा नियम आणि बरोबर तीनला रिस्टार्ट असं ठेवलं असेल तर तो नियम त्या दिवशी हुकला. हब उठून "माझं काय राहिलं" असं मागे वळून बघत नाही.

आता घड्याळाकडे या. रास्पबेरी पायच्या चारपर्यंतच्या मॉडेलांत आपल्या मनगटी घड्याळासारखं सेलवर चालणारं घड्याळ नाही. पाचव्यात सोय आहे, पण सेल वेगळा आणून लावावा लागतो. मग लाईट गेली तर वेळ कशी कळते? बंद होण्याआधी लिहून ठेवलेल्या वेळेपासून तो मोजायला लागतो आणि इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. साध्या रिस्टार्टला एक-दोन मिनिटांचा फरक, काही बिघडत नाही. पण चार तास लाईट गेली तर हब उठतो तेव्हा त्याचं घड्याळ चार तास मागे, आणि राउटर, फायबरचा डबा हे सगळं उठेपर्यंत तसंच. तेवढ्या वेळात एखादा नियम जुन्या वेळेप्रमाणे चालून जातो. मग घड्याळ एकदम पुढे उडी मारतं आणि मधल्या वेळेचे नियम राहून जातात.

रिस्टार्ट सकाळी साडेआठला होतोय आणि तुम्ही तर तीन लिहिलंय, असं असेल तर डोकं खाजवू नका. हब जागतिक वेळ धरून बसलाय, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. टाइम झोन दुरुस्त करा. सूर्यास्ताचे नियम असतील तर घराचं ठिकाणही नीट भरा. जालना साधारण ७५.९ अंश रेखांशावर आहे आणि भारतीय वेळ ८२.५ अंशांची. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे सव्वीस मिनिटं मागे चालतो. त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या शहराच्या सूर्यास्तावर गेटचा लाईट लावला तर तो उजेडातच लागतो.

राउटरचं थोडक्यात. पुष्कळ घरांत राउटरलाही तीनचाच रिस्टार्ट लावलेला असतो. दोघं एकदम झोपले आणि हब आधी उठला तर त्याला नेटवर्कच नाही. काही जोडण्या पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, काही एकदाच करून गप्प बसतात. राउटर अडीचला, हब सव्वातीनला असं अंतर ठेवा. आणि राउटरमध्ये हबचा व महत्त्वाच्या डब्यांचा पत्ता पक्का करून ठेवा, नाहीतर उठल्यावर नवा आयपी मिळतो आणि जुन्या पत्त्यावर शोधणारे शोधतच राहतात.

झिगबीच्या सेन्सरांबद्दल एक गैरसमज आहे. रिस्टार्टनंतर सेन्सर "माहीत नाही" दाखवतो, म्हणून लोक तो काढून पुन्हा जोडतात. करू नका. सेलवरचा सेन्सर सेल वाचवण्यासाठी झोपलेला असतो. तापमान बदललं किंवा ठरलेली वेळ झाली तरच तो बोलतो, आणि ती वेळ तासाभराची असू शकते. दाराचा असेल तर दार एकदा उघडून लावा, बोलेल. दार हलवूनही गप्प असेल तेव्हा बघा की मधला कोणी, म्हणजे सतत लाईटवर असलेला प्लग किंवा बल्ब, ज्याच्यामार्फत याचा निरोप जायचा, तो कुणी भिंतीवरच्या बटणाने बंद तर केला नाही ना. झिगबीची काडी हबच्या यूएसबी तीनच्या पोर्टला अगदी खेटून असेल तर एक वीतभर एक्सटेन्शन वायर लावा. त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो, आणि झिगबी तिथेच बोलतं.

(श्रोत्यांतून : आमच्याकडे रिस्टार्टनंतर कधी कधी हब उठतच नाही. प्लग काढून लावला की उठतो.)

दादा, तुमची शेड भट्टीच्या फीडरवर आहे का? असेल. जालन्यात सळईच्या मिल, इंडक्शन फर्नेस, मोठमोठ्या मोटरी. लाईनवर व्होल्टेज हलणारच. पण आधी पाच व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि त्याची वायर बघा. उठताना हब सगळ्यात जास्त करंट ओढतो. मोबाईलची पातळ वायर असेल तर तिच्यातच व्होल्टेज पडतं. रास्पबेरी पाय साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की नोंद करून ठेवतो. त्याला थ्रॉटलिंगची स्थिती विचारायची आज्ञा आहे, उत्तर नुसतं शून्य आलं तर सुरू झाल्यापासून ठीक. शून्य-एक्स-पाच आणि पुढे चार शून्यं असं आलं तर मध्ये केव्हातरी व्होल्टेज पडलं होतं. मग वायर बदला, अ‍ॅडॅप्टर बदला, एक छोटा यूपीएस द्या. मेमरी कार्डही संशयित. बॅकअप किंवा डेटाबेसचं लिखाण चालू असताना लाईट खेचली गेली तर कार्डवर अर्धवट ओळी राहतात, आणि पुढच्या वेळी उठताना तो तिथेच अडतो. बॅकअपची वेळ आणि रिस्टार्टची वेळ यांत किमान तासभर ठेवा.

आता मूळ प्रश्न, जो फार कमी जण विचारतात. रोज रिस्टार्ट कशासाठी लावला? उत्तर येतं, "चार-पाच दिवसांनी हँग व्हायचा, म्हणून." म्हणजे आतला काहीतरी प्रोग्रॅम मेमरी खात जातो आणि सोडत नाही. रिस्टार्टने पोट रिकामं होतं, आजार तसाच. हे फक्त घरगुती डब्यात होतं असं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला होता, की ठराविक काळाने विमानाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. जनरेटरच्या नियंत्रकांतला एक मोजक सलग २४८ दिवस चालला की भरून ओसंडायचा आणि वीज बंद पडू शकली असती. तिथेही रिस्टार्ट हाच तात्पुरता इलाज होता. फरक एवढाच की त्यांना कारण माहीत होतं, आकडा माहीत होता, आणि कायमची दुरुस्ती येईपर्यंतच तो इलाज होता.

आपणही तेवढं करू शकतो. रिस्टार्ट आठवडाभर बंद ठेवा आणि रोज संध्याकाळी हबची वापरलेली मेमरी एका वहीत लिहा. आकडा एकाच दिशेने चढत असेल तर नुकत्याच टाकलेल्या जोडण्या एकेक करून बंद करा, चढण कुठे थांबते ते बघा. स्थिर असेल तर रोजच्या रिस्टार्टची गरजच नव्हती, काढून टाका. निम्म्या तक्रारी तिथेच संपतील असं आम्हाला वाटतं. कारण सापडेपर्यंत ठेवायचाच असेल तर आठवड्यातून एकदा, आणि दिवसा, घरात कुणी असताना ठेवा.

पण वेळापत्रक काढलं म्हणून सुटलात असं नाही. लाईट गेली की तुमच्या परवानगीशिवाय तोच रिस्टार्ट होतो. तीनच्या रिस्टार्टने दाखवलेला प्रत्येक दोष लाईट जाण्याच्या वेळीही होताच. म्हणून दिवसा एकदा मुद्दाम मेन बंद करून पाच मिनिटांनी चालू करा आणि घरात काय काय आपोआप सुरू होतं ते कागदावर लिहा. ती यादी कॉम्प्युटरवाल्यापेक्षा तुमच्या वायरमनला जास्त कामाची आहे.

(श्रोत्यांतून एक ताई : मग मोटरला स्मार्ट रिले लावायचाच नाही का?)

लावा ना, ताई. मोबाईलवरून मोटर सुरू करता येणं ही मोठी सोय आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर फारच. पण बंद करण्याची शेवटची जबाबदारी हबकडे देऊ नका. वरच्या टाकीत एक फ्लोट स्विच, खाली हौदात एक, दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मालिकेत. वरची टाकी भरली की कॉइलची लाईन तुटते, खालचं पाणी संपलं तरी तुटते. हब झोपलेला असो, ब्रोकर जुना हुकूम वाचत असो, वाय-फाय गेलेलं असो. शिवाय बहुतेक रिलेंमध्ये स्वतःचा टायमर असतो, काही कंपन्या त्याला इंचिंग म्हणतात. किती वेळाने आपोआप सुटायचं ते त्यातच भरता येतं. किती वेळापर्यंतचा आकडा भरता येतो ते घेतानाच बघा, काहींत तो फार थोडा असतो. त्या घरात आम्ही हेच केलं : दोन फ्लोट स्विच, रिलेत पंचवीस मिनिटांचा टायमर, आणि हबमधला वीस मिनिटांचा नियम तसाच. नेहमी हबच बंद करतो. तो चुकला तर पाच मिनिटांनी रिले सोडतो, आणि त्याच्याही आधी टाकी भरली तर फ्लोट.

तुमच्या मोटरचा स्टार्टर सिंगल फेजचा आहे की थ्री फेजचा, त्यावर फ्लोटची जोडणी बदलते. ज्यांना ती समजून घ्यायची आहे त्यांनी पुढे या, कॉन्टॅक्टर आणि दोन फ्लोट टेबलावर जोडून ठेवलेत.